जनुकाला मुके करणारे औषध आणि शेतातील मित्रकीटक

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली येथे राहणाऱ्या बहुसंख्य मंडळींचा शेतीशी येणारा संबंध आता भाजीच्या पिशवीपुरता उरला आहे. मुरबाड-शहापूरकडची भेंडी, आसपासच्या खेड्यांतली वांगी, काकडी, शिराळी पहाटे बाजारात उतरतात आणि आठ वाजण्यापूर्वी आपल्या स्वयंपाकघरात येतात. वांगे चिरल्यावर आत अळी निघाली की आपण भाजीवाल्याला बोल लावतो. आणि वांगी एकजात चकचकीत, निर्दोष निघाली की यांवर काय काय मारले असेल, या शंकेने मनात चरकतो. दोन्ही तक्रारी वाजवी आहेत. शेतकऱ्याला मात्र या दोन तक्रारींच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने चालायचे असते.

ही वाट थोडी रुंद करू, असे आश्वासन देणारे एक नवे शास्त्र गेल्या पंचवीस वर्षांत उदयास आले आहे. किडीच्या शरीरातील एखादे जनुक मुके करावयाचे, त्याचे काम बंद पाडावयाचे आणि त्या योगे नेमकी तीच कीड मारावयाची, असा हा उपाय आहे. त्याचे पुरस्कर्ते सांगतात की, जुनी औषधे म्हणजे जमावावर केलेला अंदाधुंद गोळीबार, तर हे औषध म्हणजे एकाच आरोपीच्या नावाने काढलेले पकडवॉरंट. दावा आकर्षक आहे. म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे. एकाच नावाची, सारख्या चेहऱ्याची दोन माणसे एका गावात असली की वॉरंटाचीही चूक होते, हे आपण जाणतोच.

प्रथम, आम्ही ज्यांना मित्रकीटक म्हणतो ते कोण, हे पाहू. शेतातील सगळे किडे पिकाचे वैरी असतात, असा शहरातल्या माणसाचा समज असतो. वस्तुतः वैरी थोडे आणि इतर पुष्कळ, अशी स्थिती असते. काकडी, दुधी, पडवळ या वेलांवर नरफूल वेगळे आणि मादीफूल वेगळे असते. एकाचा पराग दुसऱ्यापर्यंत माशीने नेला नाही, तर फळ धरतच नाही. हे काम आपल्याकडे सातेरी मधमाशी, झुडपात छोटे पोळे करणारी फुलोरी, उंच कड्यांवर आणि आता आपल्या उंच इमारतींच्या सज्जांखाली पोळी बांधणारी आग्या माशी आणि डंख न मारणाऱ्या चिमुकल्या माश्या करीत असतात. मावा खाणारे ढालकिडे हे दुसरे मित्र. जाळीदार हिरव्या पंखांच्या कीटकाची अळी तुडतुड्यांची आणि पांढऱ्या माशीची पिल्ले फस्त करते. ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीच्या गोत्रातली, टाचणीच्या डोक्याहूनही लहान अशी एक माशी आहे. ती भाताच्या खोडकिड्याच्या अंड्यांत आपली अंडी घालते आणि खोडकिडा जन्मण्यापूर्वीच नाहीसा होतो. या सर्वांना कोणी मजुरी देत नाही. त्यामुळे त्यांचा हिशेबही कोणी ठेवीत नाही, आणि ते नाहीसे झाले की दोन हंगामांनी त्याचा पत्ता लागतो.

आजची औषधे या मित्रांचे काय करतात? बहुतेक रासायनिक कीटकनाशके किडीच्या मज्जासंस्थेवर घाव घालतात, आणि मज्जासंस्थेची मूळ रचना सगळ्या कीटकांत जवळजवळ सारखीच असते. साहजिकच वैऱ्याबरोबर मित्रही मरतो. पुष्कळदा मित्र अधिक मरतात. कारण ते संख्येने कमी असतात आणि त्यांची वाढही सावकाश होते. मधमाशांना होणाऱ्या अपायामुळे युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन औषधांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली. माणसाचीही यातून सुटका नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. डोंबिवलीकरांना तर रसायनाची धास्ती काय असते हे सांगावयास नको. २०१६ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मे महिन्यात तेथील औद्योगिक वसाहतीत झालेल्या स्फोटांनी ती घराघरांत पोहोचवली आहे. तेव्हा नव्या उपायाची पारख करताना त्याची तुलना एखाद्या काल्पनिक, निर्विष शेतीशी करून चालणार नाही. आज प्रत्यक्ष जे चालू आहे, त्याच्याशी ती केली पाहिजे.

आता हा उपाय चालतो कसा ते समजून घेऊ. प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या वंशाचे मूळ दफ्तर असते. त्यालाच डी.एन.ए. म्हणतात. गावच्या जमिनीचे मूळ दफ्तर जसे तलाठ्याकडे राहते, तसे हे दफ्तर पेशीच्या केंद्रकात राहते. ते बाहेर जात नाही. एखादे प्रथिन तयार करावयाचे झाले की त्या जनुकाची एक नक्कल निघते आणि ती कारखान्याकडे रवाना होते. ही नक्कल म्हणजे निरोप्या आर.एन.ए. शेतकरी सातबाऱ्याचा उतारा घेऊन कर्जासाठी बँकेत जातो, तसेच हे आहे. समजा, दफ्तराला हात न लावता एखाद्या जमिनीचे सगळे उतारे वाटेतच कोणी जप्त केले, तर काय होईल? जमीन कागदोपत्री जागेवर राहील, परंतु कर्ज मिळणार नाही. जनुक मुके करणे म्हणजे नेमके हेच. जनुक शाबूत राहते, त्याचा निरोप मात्र पोहोचत नाही.

ही युक्ती माणसाने शोधून काढलेली नाही; निसर्गात ती पुरातन काळापासून आहे. १९९० मध्ये अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञांनी पेटुनियाचे जांभळे फूल अधिक गडद व्हावे म्हणून रंगाचे एक जादा जनुक त्यात घातले. तेव्हा काही फुले चक्क पांढरी उमलली. हा चमत्कार त्या वेळी उलगडला नाही. पुढे १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो या शास्त्रज्ञांनी एका सूक्ष्म कृमीवर प्रयोग करून दाखविले की, दुपदरी आर.एन.ए. पेशीत शिरला की त्याच्याशी जुळणारे सगळे निरोप नष्ट होतात. २००६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना याच शोधासाठी मिळाले.

दुपदरी आर.एन.ए. पेशीला खटकतो, कारण पेशीचा स्वतःचा निरोप एकपदरी असतो. दुपदरी म्हणजे बहुधा विषाणू घुसला. मग पेशीतील एक विकर त्या दुपदरी धाग्याचे साधारण एकवीस अक्षरांचे तुकडे करते. एकेक तुकडा नमुना म्हणून हाती घेऊन पेशीची पहारेकरी यंत्रणा येणाऱ्या-जाणाऱ्या निरोपांशी तो ताडून पाहते. ज्या निरोपात तशीच अक्षरे आढळतील, तो निरोप कापून टाकला जातो. हा मुळात विषाणूंविरुद्धचा बंदोबस्त आहे. शास्त्रज्ञांनी एवढेच केले की, विषाणूच्या जागी किडीच्याच एखाद्या अत्यावश्यक जनुकाची अक्षरे असलेला दुपदरी धागा तिला खाऊ घातला. पेशीचे पहारेकरी मग घरच्याच माणसांना पकडू लागतात आणि कीड काही दिवसांत मरते.

२००७ मध्ये दोन संशोधक गटांनी पिकातूनच असा धागा किडीला देता येतो हे दाखविले. त्यानंतर मक्याच्या मुळांवर पडणाऱ्या भुंग्याविरुद्ध, त्याच्या स्नफ-७ नावाच्या जनुकाला लक्ष्य करणाऱ्या मक्याला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१७ मध्ये मान्यता दिली. डिसेंबर २०२३ मध्ये बटाट्यावरील कोलोरॅडो भुंग्यासाठी लेडप्रोना हे फवारणीचे औषध तेथे मंजूर झाले. पहिल्या प्रकारात पिकाचे जनुक बदलावे लागते; दुसऱ्यात पीक जसेच्या तसे राहते आणि औषध बाहेरून मारले जाते. हा फरक ध्यानात ठेवावा. दोन्हींत मित्रकीटकांची औषधाशी गाठ निरनिराळ्या मार्गांनी पडते.

आता मुख्य प्रश्न. वैऱ्यासाठी लिहिलेली अक्षरे मित्राच्या निरोपाशी जुळतील का? येथे थोडे गणित करू. आर.एन.ए.ची वर्णमाला चार अक्षरांची. एकवीस अक्षरांचे शब्द तिच्यातून सुमारे ४.४ लाख कोटी निरनिराळ्या प्रकारे बनू शकतात. मधमाशीचे संपूर्ण दफ्तर साधारण चोवीस कोटी अक्षरांचे. म्हणजे एखादा विशिष्ट एकवीस अक्षरी शब्द केवळ योगायोगाने त्या दफ्तरात सापडण्याचा संभव हजारांत एकाहूनही पुष्कळ कमी आहे. मक्याच्या औषधाचा धागा २४० अक्षरांचा. त्यातून एकवीस अक्षरांचे २२० शब्द निघू शकतात. ते सगळे धरले तरी योगायोगाने गाठ पडण्याची शक्यता शेकड्यात फार थोडी उरते. हे गणित ऐकून मन निश्चिंत होते, आणि औषधाच्या बाजूने बोलणारे बहुधा येथेच थांबतात.

परंतु जनुके योगायोगाने लिहिली गेलेली नाहीत. ती वारशाने आली आहेत. दोन सख्ख्या भावांच्या घरांत एकाच आजोबांच्या हातचे कागद सापडावेत, तशी नात्यातल्या कीटकांत पानेच्या पाने सारखी आढळतात. त्यातही जे जनुक जगण्यास अत्यावश्यक, ते कालौघात कमी बदलते. आणि कीड मारण्यासाठी आपण निवडतो ते नेमके असेच जनुक. म्हणून खरा प्रश्न असा विचारला पाहिजे : या किडीचे जवळचे नातलग कोण, आणि त्यांच्यात आपला कोणी मित्र आहे का?

स्नफ-७ च्या बाबतीत ही तपासणी झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार गणांतील दहा कुळांच्या कीटकांना ते खाऊ घातले गेले. परिणाम दिसला तो त्या भुंग्याच्याच उपकुळातील काही जवळच्या नातलगांवर. दूरच्या कीटकांना काही झाले नाही. अभ्यास त्या मक्याच्या निर्मात्या कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी केला होता, हे सांगितले पाहिजे. पण नाते जितके दूर तितका धोका कमी, हा त्यातून निघालेला नियम शास्त्राच्या अपेक्षेप्रमाणेच आहे.

हाच नियम आता आपल्या वांग्याच्या वाफ्यात आणून पाहू. वांग्याच्या पानांची जाळी करणारा, पाठीवर अठ्ठावीस ठिपके असलेला एक तांबूस भुंगा शेतकऱ्यांना परिचित आहे. अलीकडच्या वर्षांत चीनमधील संशोधकांनी त्याच्यावर दुपदरी आर.एन.ए.चे प्रयोग केले, आणि तो त्याला चांगलाच बळी पडतो असे आढळले. पण हा भुंगा कोणाचा नातलग? मावा खाणाऱ्या आपल्या ढालकिड्यांचा! दोघांचे कूळ एकच. शेतकरी त्यांना नजरेने वेगळे ओळखतो. वैऱ्याच्या पाठीवर बारीक लव असते आणि ती निस्तेज दिसते, मित्राची पाठ घोटलेल्या लाकडासारखी चमकते. वैऱ्याची अळी पिवळी, काटेरी. मित्राची अळी काळपट, लांबट. औषधाला डोळे नाहीत. त्याला फक्त अक्षरे कळतात. मग मित्राचे आणि वैऱ्याचे एखादे पान सारखे निघाले तर?

ही भीती अगदीच निराधार नाही. स्विस संशोधकांनी २०१९ मध्ये मक्याच्या भुंग्यासाठी बेतलेला एक धागा साखरपाण्यातून दोन ढालकिड्यांना दिला. लक्ष्य स्नफ-७ नव्हते, दुसरे एक अत्यावश्यक जनुक होते. दोन ठिपक्यांच्या ढालकिड्यात जुळणारे शब्द अधिक निघाले आणि त्याच्यावर परिणामही अधिक झाला. त्याच्या अळ्या मेल्या, वाढ खुंटली. सात ठिपक्यांच्या ढालकिड्यात जुळणी कमी आणि परिणामही सौम्य. प्रयोगशाळेत मात्रा मुद्दाम मोठी दिली जाते, शेतात तेवढी पोटात जाईलच असे नाही, हे खरे. तरीही या प्रयोगाचा बोध स्पष्ट आहे. ‘ढालकिड्यांना सुरक्षित’ असे सरसकट प्रमाणपत्र देता येत नाही. कोणता धागा आणि कोणता ढालकिडा, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते.

दुसरे उदाहरण तर महाराष्ट्राच्या अगदी जिव्हाळ्याचे आहे. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत पुढे सबंध देशभर पसरले. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये बंगळूर परिसरात सोडण्यात आला आणि पुढे महाराष्ट्रातही त्याचा प्रसार करण्यात आला. पावसाळ्यात गाजरगवताची पाने कुरतडणारे हे पिवळट, काळ्या रेघांचे भुंगे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असतील. हा आपला मित्र कोलोरॅडो भुंग्याचा जवळचा भाऊबंद आहे. कोलोरॅडो भुंगा आपल्याकडे नाही, त्यामुळे लेडप्रोनाची आज येथे गरजही नाही. परंतु परदेशात ‘मित्रकीटकांना सुरक्षित’ ठरलेले औषध येथे येते तेव्हा ज्या मित्रांवर ते तपासले, ते तिकडचे मित्र असतात. आपल्या मित्रांची यादी वेगळी आहे. तपासणी आपल्या यादीवरच व्हावयास हवी, याचे याहून चांगले उदाहरण आम्हास माहीत नाही.

आता मधमाशी. तिच्या बाबतीत हे शास्त्र मारक आणि तारक अशा दोन्ही रूपांनी पुढे आले आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मधमाशांना असा धागा दिला, ज्याचे जनुक मधमाशीत मुळीच नाही. ते जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनाचे. अपेक्षा अशी की, काहीच घडू नये. पण मधमाशीच्या सुमारे १४०० जनुकांच्या, म्हणजे ज्ञात जनुकांच्या एकदशांशाच्या, कामाचे प्रमाण बदललेले आढळले. याचा अर्थ एवढाच की, अक्षरे न जुळताही दुपदरी धागा पोटात गेला की माशीच्या पेशी विषाणू आल्यासारख्या सावध होतात. ही सावधगिरी पोळ्याला अपायकारक ठरते की नाही हा पुढचा प्रश्न. परंतु केवळ अक्षरे ताडून पाहिली की काम संपले, असे म्हणता येत नाही हे त्यावरून उघड होते.

उलट बाजूही पाहा. २००९ पासून इस्रायलमधील संशोधकांनी पोळी उद्ध्वस्त करणाऱ्या एका विषाणूविरुद्ध हेच धागे साखरपाण्यातून मधमाशांना दिले आणि माश्या वाचल्या. २०१२ मध्ये तर असे दिसले की, मधमाशीने खाल्लेला धागा तिच्या अंगावरच्या व्हरोआ नावाच्या गोचिडीत पोहोचतो आणि तेथे त्या गोचिडीचे जनुक मुके करतो. म्हणजे माशी स्वतःच औषधाची वाहक झाली. २०१९ च्या एका शोधनिबंधाने आणखी एक गोष्ट उघडकीस आणली : कामकरी माश्या आपल्या राजान्नातून आर.एन.ए. एकमेकींना आणि पुढच्या पिढीच्या अळ्यांना देतात. पोळे हे एकत्र कुटुंब आहे. एका माशीने आणलेले सगळ्या घराला मिळते. तेव्हा एकेकटी माशी काचेच्या डबीत ठेवून केलेली चाचणी येथे अपुरी पडते. चाचणी पोळ्याची व्हावी, आणि आपल्याकडे ती सातेरीच्या पोळ्याची व्हावी.

हे धागे शेतात किती काळ टिकतात, यावरही बरेच अवलंबून आहे. ओल्या, जिवाणूंनी भरलेल्या मातीत स्नफ-७ चा धागा दोन दिवसांत नाहीसा होतो, असे २०१४ मध्ये दिसून आले. ही मोठी जमेची बाजू होय. रासायनिक विषांचे अंश महिनोन्‌महिने मातीपाण्यात राहतात, ते येथे होत नाही. पानावर मात्र गोष्ट निराळी. हरितगृहात बटाट्याच्या पानावर वाळलेला धागा अठ्ठावीस दिवसांनंतरही भुंगा मारण्यास समर्थ होता. आणि टिकाऊपणा वाढविण्याचे प्रयत्न जोरात चालू आहेत. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये सूक्ष्म चिकणमातीच्या पापुद्र्यांवर धागे बसवून पानावर मारले, तेव्हा एका फवारणीने विषाणूपासून वीस दिवस संरक्षण मिळाले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा लाभच. पण उघडा धागा लवकर विरघळतो म्हणून सुरक्षित, असे जे प्रमाणपत्र मिळाले असेल ते चिलखत घातलेल्या धाग्याला आपोआप लागू करता येणार नाही. चिलखतासह पुन्हा परीक्षा झाली पाहिजे.

येथे आणखी एक विचित्र योग दिसतो. भुंग्यांच्या आतड्यात हे धागे सहज शिरतात. पतंगवर्गातील अळ्यांच्या आतड्यात मात्र ते बहुधा तुकडे होऊन नष्ट होतात. आता आपल्या शेतकऱ्याला सर्वांत अधिक रडविणारे वैरी पाहा. भाताचा खोडकिडा, वांग्याचे शेंडे आणि फळे पोखरणारी अळी, कपाशीची गुलाबी बोंडअळी, या साऱ्या पतंगवर्गातल्या अळ्या, म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या. आणि ढालकिडे हे भुंगे, म्हणजे औषधाला सर्वांत लवकर बळी पडण्याजोगे. वैरी चिवट आणि मित्र नाजूक अशी ही जोडी आहे. अळ्यांवर मात करण्यासाठी मात्रा वाढवावी, धाग्याला अधिक भक्कम चिलखत घालावे, असा मोह साहजिकच होणार. आणि त्या प्रत्येक पावलाबरोबर मित्रांच्या पोटात जाणारा अंशही वाढणार. म्हणून अळ्यांसाठी बनविलेल्या औषधाची परीक्षा भुंग्यांवरही घेणे अगत्याचे आहे.

परीक्षेची रीतही बदलावी लागेल. रासायनिक विषाचा परिणाम दोन दिवसांत दिसतो. म्हणून मधमाशीच्या जुन्या चाचण्या दोन-चार दिवसांत आटोपतात. जनुक मुके करणारे औषध सावकाश काम करते. आधी नव्या प्रथिनाची आवक थांबते, मग शिल्लक साठा संपतो, त्यानंतर कीड मरते. यास आठवडा किंवा अधिक लागतो. दोन दिवसांनी माशी जिवंत दिसली, एवढ्यावरून ती सुरक्षित आहे असा निर्वाळा देणे म्हणजे बँकेतील शिल्लक पाहून घरात कमावते कोणी आहे असे समजण्यासारखे होय. अळीपासून प्रौढापर्यंत आणि पुढे तिची प्रजा होईपर्यंत पाहिले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, एवढ्या चाचण्या करीत बसलो तर आज फवारल्या जाणाऱ्या विषांना आपोआप मुदतवाढ मिळते. यवतमाळचे मृत्यू कोणाच्या हिशेबी धरायचे? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. जुने विष चालू ठेवणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याचीही किंमत पडते. परंतु घाईची किंमत काय पडते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २००२ मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कपाशीने प्रारंभी बोंडअळीला रोखले. पण सर्वत्र तेच वाण, भोवती साध्या कपाशीच्या ओळी लावण्याचा नियम कागदावर, यामुळे गुलाबी बोंडअळी हळूहळू पचवायला शिकली आणि २०१७ मध्ये विदर्भाची कपाशी तिने पोखरून काढली. जनुक मुके करणारे औषधही यास अपवाद नाही. अमेरिकेतील प्रयोगशाळेत कोलोरॅडो भुंग्याच्या अवघ्या नऊ पिढ्या या औषधावर पोसल्या, तेव्हा त्यांची सहनशक्ती ११ हजार पटींहून अधिक वाढली, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा भुंग्याच्या पेशी धागा आत घेईनाशा होतात. त्यामुळे अक्षरे बदलून दुसरा धागा दिला तरी उपयोग होत नाही. मित्रकीटकांशी याचा संबंध सरळ आहे. औषध निकामी झाले की शेतकरी पुन्हा जुन्या विषाच्या डब्याकडे वळतो, आणि तेव्हा शेतात मित्र उरले नसतील तर त्याला दुसरा आधार राहत नाही.

हे औषध आपल्या शेतकऱ्याच्या पंपात अजून आलेले नाही. म्हणूनच प्रश्न विचारण्याची वेळ आज आहे. फवारणीच्या औषधांची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली होते आणि जनुक बदललेल्या पिकांचा विचार १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील समितीपुढे होतो. बीटी वांग्याच्या वेळी देशातील सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या. त्यांत आपले नागपूर होते. त्यानंतर ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्या वांग्याला स्थगिती मिळाली. त्या निर्णयाविषयी मते भिन्न असतील, पण सामान्य शेतकरी आणि गृहिणी यांना बोलावून विचारले गेले, ही रीत चांगली होती. उलट २०२२ मध्ये जनुक बदललेल्या मोहरीच्या लागवडीची शिफारस झाली, तेव्हा मधमाशांवरील परिणामांचा अभ्यास लागवडीनंतर दोन वर्षांत करावा, अशी अट घालण्यात आली. २०२४ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे त्या मान्यतेवर एकमत झाले नाही. आधी सोडणे आणि मग तपासणे, हा क्रम मधमाशीच्या बाबतीत उलटा आहे, असे आम्हास वाटते.

तेव्हा असे एखादे औषध उद्या आपल्या जिल्ह्यात आले, तर चार गोष्टी विचाराव्यात. हे कोणत्या किडीच्या कोणत्या जनुकावर बेतले आहे आणि त्या किडीच्या कुळात आपला कोणता मित्र आहे? सातेरी, आपले ढालकिडे, ट्रायकोग्रामा यांच्यावर ते आठवडाभराहून अधिक काळ, अळीपासून तपासले आहे का? धागा उघडा आहे की चिलखतात, आणि पानावर किती दिवस टिकतो? आणि ते निकामी होऊ नये म्हणून कोणकोणत्या उपायांशी आलटून-पालटून वापरावयाचे आहे? या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी मोठी गुपिते फोडावी लागत नाहीत. धाग्याची अक्षरे जाहीर केली, तर विद्यापीठातील कोणताही विद्यार्थी ती मित्रकीटकांच्या दफ्तराशी ताडून पाहू शकेल. म्हणून अक्षरे जाहीर व्हावीत, हीच आमची पहिली मागणी राहील.

आमचे मत थोडक्यात असे. जनुक मुके करणारे औषध आजच्या बहुतेक विषांहून मित्रकीटकांना कमी घातक ठरण्याचा संभव पुष्कळ आहे, आणि मातीत लवकर विरघळणे हा त्याचा खरा गुण आहे. परंतु त्याचा नेमकेपणा हा औषधाच्या जातीचा गुण नाही. तो प्रत्येक धाग्यागणिक सिद्ध करावा लागतो. एक धागा निर्दोष ठरला म्हणून दुसऱ्याला ती पुण्याई मिळत नाही. परदेशी ढालकिडा वाचला म्हणून मुरबाडच्या वांग्यावरील ढालकिडा वाचेलच असे नाही.

आणि शेवटी, कोणतेही औषध शेतातील मित्रांची जागा घेऊ शकत नाही. बांधावर फुलझाडे ठेवणारा, ट्रायकोग्रामाची कार्डे लावणारा, ढालकिडा आणि अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगा यांतील फरक ओळखणारा शेतकरी नव्या औषधाचाही सर्वांत शहाणा उपयोग करील. कारण ते कधी मारू नये, हे त्याला कळेल. शहरातल्या आपण मंडळींनी निदान एवढे करावे : वांग्यात एखादी अळी निघाली तर तो भाग कापून टाकावा, भाजीवाल्याशी भांडू नये. डागरहित वांग्याचा आपला हट्ट कमी झाला, तर शेतकऱ्याच्या हातचा पंपही थोडा कमी चालेल.